लिंबाच्या झाडावर कोण कोणाला खातं

लिंबाला नवी पालवी फुटली की थोड्याच दिवसांत तिच्या मागोमाग मावा येतो. कोवळे शेंडे काळपट दिसायला लागतात, पानं आत वळतात, हात लावला तर बोटं चिकट होतात. झाड कुंडीतलं असो की परसातलं, पहिला प्रश्न ठरलेला असतो: यावर काय मारू? दुकानदार बाटली काढून देतो, फवारणी होते, शेंडे स्वच्छ दिसतात. मग दोन-तीन आठवड्यांनी मावा परत येतो आणि या खेपेला आधीपेक्षा जास्त येतो. औषध बनावट निघालं असं लोक म्हणतात. औषध बहुतेकदा अस्सलच असतं. मावा वाढला, कारण त्याला खाणारे त्या फवारणीत मेले. हे नेमकं कसं घडतं ते एकाच झाडावर नीट उलगडून दाखवता येतं आणि त्यासाठी कागदी लिंबासारखं दुसरं झाड नाही.

आधी ओळखपाळख. अंगणात हलणाऱ्या प्रत्येक लहान जिवाला आपण किडा म्हणतो. बोलताना ते चालतं, औषध निवडताना चालत नाही. सहा पाय आणि डोकं, छाती, पोट असे अंगाचे तीन भाग असलेले ते कीटक: मावा, मुंगी, भुंगेरा, माशी, फुलपाखरू. आठ पायांचे कोळी, विंचू, गोचीड हा वेगळा गट. पहिल्या पावसानंतर मातीवर फिरणारा लाल मखमली मृगाचा किडाही याच आठ पायांच्या गटातला. त्याची पिल्लं नाकतोड्यांसारख्या कीटकांच्या अंगाला चिकटून वाढतात आणि मोठा झाल्यावर तो मातीतली कीटकांची अंडी खातो. गोम आणि वाणी आणखी वेगळ्या घराण्यातल्या. त्यातही गोम शिकारी, तर वाणी कुजलेला पाला खाणारी. गोगलगाय थेट शिंपल्यांच्या नात्यातली. कीटकांसाठी बनवलेली बरीच औषधं आठ पायांच्या किडींवर नीट चालत नाहीत. लाल कोळ्याकडे आलो की याचं महत्त्व कळेल.

मावा एवढ्या वेगाने का वाढतो

मावा आलेला शेंडा मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि चित्र मोठं करून पाहा. बारीक तिळाएवढे, फुगीर पोटाचे, मऊ अंगाचे जीव दाटीने बसलेले दिसतील. पोटाच्या मागच्या बाजूला दोन बारीक नळ्या उभ्या असतात. ही माव्याची पक्की खूण. प्रत्येकाची सोंड पानाच्या शिरेत किंवा कोवळ्या देठात खुपसलेली असते. थोडा वेळ धीर धरून पाहिलंत तर एखाद्या मादीच्या पोटातून पिल्लू बाहेर येताना सापडेल, मागचा भाग आधी आणि डोकं शेवटी. जरा वेळाने पाय मोकळे होतात आणि पिल्लू आईशेजारीच सोंड खुपसून प्यायला लागतं.

इथे अंडं नाही आणि नरही नाही. आपल्यासारख्या उष्ण हवेत मावा बहुतेक काळ मादीपासून मादी असाच वाढतो. त्यातून जन्माला येणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढची पिढी आधीच घडायला लागलेली असते. आजी, आई आणि नात एकाच अंगात, डब्यात डबा ठेवल्यासारख्या. पिल्लू आठवडा-दहा दिवसांत स्वतः विणीला येतं. समजा एका मादीला ५० पिल्लं झाली आणि सगळी जगली, तर दुसऱ्या पिढीत २,५०० आणि तिसऱ्या पिढीत १,२५,००० होतील, आणि तेही साधारण महिनाभरात. शेंड्यावर गर्दी झाली किंवा पान जुनं व्हायला लागलं की काही पिल्लांना पंख फुटतात आणि ती दुसऱ्या झाडावर जातात.

आता तो चिकटपणा. झाडाच्या अन्नरसात साखर भरपूर असते, पण प्रथिनं बनवायला लागणारी अमिनो आम्लं फार थोडी. ती पुरेशी मिळावीत म्हणून मावा रस ओढतच राहतो आणि जास्तीची साखर थेंबाथेंबाने मागून टाकून देतो. एवढं करूनही जी अमिनो आम्लं कमी पडतात, ती त्याच्या शरीरातल्या खास पेशींमध्ये राहणारे बुखनेरा नावाचे जीवाणू बनवून देतात. हे जीवाणू आईकडून पोटातल्या पिल्लाकडे जातात आणि माव्याबाहेर त्यांना जगता येत नाही. खाली गळणारे साखरेचे थेंब खालच्या पानांवर साचतात, त्यावर काळी बुरशी वाढते आणि पान काजळी धरल्यासारखं दिसतं. ही बुरशी पानाच्या आत शिरत नाही, फक्त ऊन अडवते. ओल्या फडक्याने पुसली की निघून जाते. तिच्यासाठी बुरशीनाशक मारणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

याच थेंबांसाठी मुंग्या खोडावरून रांग लावतात. त्या झाड खायला आलेल्या नसतात. मुंगी मिशांनी माव्याला हलकेच डिवचते, मावा थेंब सोडतो, मुंगी तो पिते. त्या बदल्यात ती माव्याची राखण करते. माव्यावर ताव मारायला आलेली अळी दिसली की तिला चावते, ओढते, पानावरून खाली ढकलते. माव्याने भरलेल्या झाडावर मुंग्यांची रांग असेल तर माझ्या मते उपचाराची सुरुवात मुंग्यांपासून करावी, माव्यापासून नव्हे. खोडाभोवती कापडाची किंवा जाड कागदाची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावावं. ग्रीस थेट सालीला लावू नये. आणि झाडाची एखादी फांदी भिंतीला किंवा शेजारच्या कुंडीला टेकलेली असेल तर ती आधी छाटावी, नाहीतर मुंग्या पट्टीला वळसा घालून वर जातात.

सगळ्याच मुंग्यांना एका मापाने मोजू नये, हेही खरं. आंब्या-काजूच्या झाडावर जिवंत पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्या मावा आणि खवलेकीड (खवल्यासारखी झाडाला चिकटून रस शोषणारी कीड) यांची राखण करतात, पण त्याचबरोबर अळ्या आणि झाडांवरचे ढेकूण यांचा फडशाही पाडतात. दक्षिण चीनमधले बागायतदार या मुंग्यांची घरटी विकत घेऊन संत्रावर्गीय झाडांना टांगत, अशी नोंद इ.स. ३०४ च्या सुमाराची आहे. किडीवर कीटक सोडण्याच्या, आपल्याला माहीत असलेल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक.

खाणारे कोण, आणि ते उशिरा का येतात

ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड, सगळ्यांना ओळखता येतो. आपल्याकडे नारिंगी-पिवळ्या पाठीवर काळी नागमोडी नक्षी असलेला सर्रास दिसतो, लाल पाठीवर सात ठिपके असलेलाही दिसतो. त्याची अळी मात्र फार थोड्यांना ओळखता येते आणि खरी खादाड तीच. लांबट, राखाडी-काळी, खरबरीत अंगाची, मध्ये नारिंगी किंवा पांढरे डाग आणि पुढे सहा पाय. दिसायला ती भुंगेऱ्यासारखी मुळीच नसते, त्यामुळे लोक तिलाच कीड समजून चिरडतात. वाढीच्या काळात अशी एक अळी माव्याची काही शे पिल्लं संपवते.

तिच्याबरोबर आणखी दोघं शेंड्यावर असतात. फुलांवर हवेत एका जागी तरंगणारी, मधमाशीसारख्या पट्ट्यांची पण डंख नसलेली माशी माव्याच्या गर्दीत एकेक अंडं घालते. तिची अळी बिनपायांची, हिरवट, चपटी असते. ती मावा उचलून त्यातला रस शोषते आणि रिकामी कातडी टाकून देते. दुसरा क्रायसोपा, हिरव्या जाळीदार पंखांचा नाजूक कीटक. त्याचं अंडं केसासारख्या बारीक देठाच्या टोकावर उभं असतं. पानाखाली असे पांढरे टाचणीचे माथे दिसले तर बुरशी समजून पुसू नका. देठाचं कारणही समजण्यासारखं आहे. क्रायसोपाच्या अळ्या एवढ्या अधाशी असतात की आधी जन्मलेली अळी शेजारचं अंडंही खाईल. देठामुळे अंडी तिच्यापासून आणि मुंग्यांपासून थोडी लांब राहतात.

मला सगळ्यांत विलक्षण वाटतो तो चौथा शत्रू, जो बहुतेकांनी कधी पाहिलेलाच नसतो. ही डासाहूनही लहान, काळी, गांधीलमाशीच्या कुळातली परोपजीवी माशी. माव्यासमोर आली की ती पोट पायांच्या मधून पुढे वळवते आणि क्षणात एक अंडं माव्याच्या अंगात टोचते. मावा मरत नाही, पीत राहतो. आत अळी त्याला हळूहळू खाते, सगळ्यांत महत्त्वाचे अवयव शेवटी. मग मावा फुगतो, त्याचा रंग बदामी होतो आणि तो पानाला चिकटून कडक होतो. काही दिवसांनी त्याच्या पाठीवर सुईने पाडावं तसं गोल भोक पडतं आणि नवी माशी उडून जाते. मावा आलेल्या शेंड्यावर असे फुगलेले, कागदी, भोकाचे मावे शोधा. पाच-दहा जरी सापडले तरी काम सुरू झालेलं आहे आणि बाटलीला हात लावायची गरज नाही.

या माश्या आजूबाजूच्या परिसरातून नेमक्या त्याच झाडावर कशा येतात? यात झाडाचा स्वतःचा हात असतो. पान खाल्लं किंवा शोषलं जात असताना झाडाच्या पेशी हवेत वेगळेच गंध सोडायला लागतात आणि तो वास भक्षकांना व परोपजीवींना जागा दाखवतो. पान सुरीने कापल्यावर येणारा वास आणि कीड लागल्यावर येणारा वास एकच नसतो. किडीच्या लाळेतल्या द्रव्यांमुळे झाडाचा प्रतिसाद बदलतो.

पण हे सगळे येतात उशिराच, आणि उशिरा येण्यात त्यांचा दोष नाही. ढालकिड्याची मादी अंडी घालायला शेंडा निवडते तो पिल्लांना पोटभर मावा मिळेल अशी खात्री झाल्यावरच. थोडाच मावा असलेल्या शेंड्यावर अंडी घातली तर पिल्लं उपाशी मरतील किंवा एकमेकांना खातील. म्हणजे मावा भरपूर झाल्यावरच ती येणार. त्यानंतर अंड्यापासून भुंगेरा व्हायला सुमारे तीन आठवडे. तेवढ्यात माव्याच्या दोन-तीन पिढ्या होऊन गेलेल्या असतात. म्हणून नव्या पालवीनंतरचे पहिले दोन-तीन आठवडे झाड नेहमीच वाईट दिसतं. मग अळ्या मोठ्या होतात आणि मावा झपाट्याने ओसरतो. मावा संपत आला की अन्न नाही म्हणून खाणारेही पांगतात. थोडा मावा शिल्लक राहतो आणि पुन्हा पालवी फुटली की हेच चक्र नव्याने फिरतं. माव्याचा पूर्ण नायनाट या खेळात कधीच होत नाही आणि व्हायलाही नको, कारण माव्याशिवाय त्याला खाणारेही टिकणार नाहीत.

आपण फवारतो ते नेमकं या दोन-तीन आठवड्यांच्या मध्यावर, झाड सर्वांत वाईट दिसत असताना, आणि खाणाऱ्यांच्या अळ्या नुकत्याच अंड्यातून निघालेल्या असताना. फवारणीत दोन्ही बाजू मरतात, पण सारख्या मरत नाहीत. वळलेल्या पानांच्या आत, जिथे थेंब पोहोचत नाही, तिथे थोडा मावा वाचतो. एक मादी वाचली तरी पुरे, तिला नर लागत नाही. ढालकिड्याला जोडीदार लागतो, तीन आठवडे लागतात आणि मुख्य म्हणजे खायला मावा लागतो, जो आता फारसा उरलेला नाही. म्हणजे शिल्लक माव्याला मोकळं रान मिळतं. लागोपाठ फवारत राहिलं तर औषधाला दाद न देणाऱ्या माद्याच उरतात आणि पुढची सगळी फौज त्यांचीच होते.

कॅलिफोर्नियाची संत्री आणि आपली पपई

हे फक्त कागदावरचं गणित नाही. कॅलिफोर्नियाच्या संत्र्यांच्या बागांत १८८० च्या दशकात कापसासारख्या पांढऱ्या पिशव्या घेऊन बसणारी एक खवलेकीड पसरली आणि बागायतदार झाडं तोडायला लागले. कीड मूळची ऑस्ट्रेलियाची. तिथे ती उपद्रवी नव्हती, कारण तिथे तिला खाणारे होते. कॅलिफोर्नियात कीड आली, खाणारे मागे राहिले. अमेरिकी सरकारने अल्बर्ट कोबेल या कीटकतज्ज्ञाला १८८८ साली ऑस्ट्रेलियाला पाठवलं. त्याने व्हेडालिया नावाचे लाल-काळे ढालकिडे पाठवले. सुरुवातीची खेप काही शे भुंगेऱ्यांचीच होती. ते बागांत वाढवून वाटले गेले आणि दोन वर्षांच्या आत कीड आटोक्यात आली. पुढे १९४० च्या दशकात डीडीटी हे कीटकनाशक आलं, बागांत फवारलं गेलं, व्हेडालिया मेला आणि जवळपास पन्नास वर्षं दबलेली ती खवलेकीड पुन्हा उफाळली. फवारणी बदलून भुंगेरा परत आणल्यावरच ती खाली बसली.

आपल्याकडची गोष्ट याहून अलीकडची. पपईवरचा पिठ्या ढेकूण, ज्याला मिलीबग म्हणतात, मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. तो २००८ साली कोइम्बतूरला आढळला आणि बघता बघता पपई, तुती, कसावा यांवर पसरला. महाराष्ट्रातल्या पपईच्या बागांनाही त्याने गाठलं. अंगावर मेणकट पूड असल्याने औषध त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नव्हतं, शेतकरी फवारून थकले. २०१० साली बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संस्थेने पोर्तो रिकोहून त्याच्या परोपजीवी माश्या आणल्या. त्यातली अॅसिरोफॅगस पपाये ही जेमतेम मिलिमीटरभराची माशी इथे उत्तम रुजली आणि जिथे ती सोडली तिथे काही महिन्यांतच पिठ्या ढेकूण ओसरला. तिला आज कुणी सोडायला जात नाही, ती आपली आपण फिरते.

मिलीबगचं नाव निघालं म्हणून कुंडीतल्या जास्वंदीवाल्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. मिलीबगला खाणारा क्रिप्टोलेमस नावाचा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात १८९८ साली आणलेला. त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या झुपक्यांनी झाकलेली असते आणि हुबेहूब मिलीबगसारखी दिसते. या वेषामुळे ती मुंग्यांच्या नजरेतून सुटते आणि आपण तिला चिमटीत चिरडतो. फरक असा: अळी मिलीबगपेक्षा बरीच मोठी असते, तिचे मेणाचे झुपके लांब आणि विस्कटलेले असतात आणि काडीने डिवचलं तर ती लगबगीने चालायला लागते. मिलीबग जागचा फारसा हलत नाही.

आधीपासून पहाऱ्यावर असलेले

विशिष्ट किडीवर जगणारे उशिरा येतात, मग तोवर झाड कोण सांभाळतं? जे मिळेल ते खाणारे. त्यात पहिला मान कोळ्यांचा. कोळ्याला मावाच हवा असं नसतं. तो चिलटं, डास, तुडतुडे, पतंग काहीही खातो, त्यामुळे कीड नसतानाही तो बागेत टिकून असतो आणि कीड आली की त्याच दिवशी तिच्यावर तुटून पडतो. मधमाशी सापडली तर तीही खातो हे मान्य, पण हिशोब झाडाच्याच बाजूने राहतो.

लिंबाच्या दोन फांद्यांमध्ये मोठं गोल जाळं आणि त्याच्या मधोमध पाय जोडीजोडीने जुळवून फुलीसारखा बसलेला पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा कोळी तुम्ही पाहिला असेल. त्याच्या पायांच्या दिशेने जाळ्यात जाड पांढरी नागमोडी नक्षी असते. ती कशासाठी यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. काहींच्या मते ती अतिनील प्रकाश परावर्तित करून कीटकांना ओढते, काहींच्या मते पक्ष्यांना जाळं दिसावं आणि त्यांनी ते फाडू नये म्हणून असते. गोल जाळ्यातले मध्यातून बाहेर जाणारे धागे चिकट नसतात, चिकट असतो तो फेऱ्याफेऱ्यांनी फिरवलेला धागा. कोळी कोरड्या धाग्यांवरून जास्त वावरतो.

जाळं न विणता उडी मारून शिकार करणारे छोटे कोळी तर कुंडीच्या काठावर रोज भेटतात. समोर दोन मोठे डोळे, आणि तुम्ही हललात की तेही वळून पाहतात. ठाणे परिसरातून सापडलेल्या अशा एका नव्या जातीला २०२१ साली आयशियस तुकारामी हे नाव देण्यात आलं, २६/११ च्या हल्ल्यात हौतात्म्य पत्करलेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. झाडाला पाणी घालताना असा कोळी दिसला की मला हे नाव आठवतं आणि अभिमान वाटतो.

भिंतीच्या कोपऱ्यात मातीचं घरटं बांधणारी कुंभारीण याच पथकातली. तिच्या काही जाती अळ्या गोळा करतात, काही कोळी. शिकारीला ती मारत नाही, डंख मारून लुळं करते म्हणजे ती ताजी राहते. मातीच्या खोलीत शिकार भरते, एक अंडं घालते आणि दार लिंपून टाकते. भुंगा अळीला आणून कोंडतो आणि त्याच्या ध्यासाने अळीच भुंगा होते, असा दृष्टान्त आपल्या संतांनी वारंवार दिला आहे. त्यांचं निरीक्षण अगदी खरं होतं: बंद घरट्यात अळी जाते आणि कुंभारीण बाहेर येते. मधलं अंडं तेवढं डोळ्यांना दिसत नव्हतं. दृष्टान्ताचं मोल त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

आता लाल कोळी. गुलाबाच्या आणि लिंबाच्या पानांवर उन्हाळ्यात फिकट, बारीक ठिपके पडतात, पानाखाली धूसर जाळी दिसते आणि त्यात ठिपक्याएवढे आठ पायांचे जीव फिरत असतात. नाव कोळी असलं तरी ही शिकारी जात नाही, पानाचा रस शोषणारी कीड आहे. तिला खाणाऱ्या तिच्याच भावकीतल्या शिकारी जाती पानावर असतात. माव्यासाठी पायरेथ्रॉइड गटाचं औषध वारंवार मारलं की या शिकारी जाती आणि छोटे भुंगेरे मरतात, लाल कोळी बराचसा तगतो आणि महिन्याभरात पान पांढुरकं पडतं. माव्याचा उपाय करताना अशी नवी कीड आपणच ओढवून घेतो. लाल कोळ्याला कोरडी, धुळकट हवा मानवते. उन्हाळ्यात दर तीन-चार दिवसांनी पानाच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा दिला तर घरगुती बागेत बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

मग करायचं काय

लिंबावर, कढीपत्त्यावर किंवा बेलावर पक्ष्याच्या शिटीसारखी काळी-पांढरी अळी दिसली तर ती लिंबावरच्या फुलपाखराची. मोठी झाल्यावर ती हिरवीगार होते आणि डिवचलं तर डोक्यामागून उग्र वासाची नारिंगी शिंगं बाहेर काढते. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेल्या ब्लू मॉर्मनच्या अळ्याही याच लिंबू कुळातल्या झाडांवर वाढतात. मोठं झाड अशा पाच-सात अळ्या सहज सोसतं. कुंडीतलं हातभर रोप मात्र एकटी अळीही उघडंबोडकं करू शकते, तेव्हा ती उचलून मोठ्या लिंबावर किंवा बेलावर सोडावी. पानावर अळीशेजारी तांदळासारखे पांढरे कोश चिकटलेले दिसले तर समजावं की परोपजीवी माशीने तिला आधीच गाठलंय. ते कोश तसेच राहू द्यावेत, त्यातून पुढच्या माश्या निघतात.

माव्यावर पहिला उपाय पाण्याचा जोरदार फवारा. सोंड तुटून खाली पडलेला मावा फारसा परत चढत नाही. दुसरा मुंग्यांचा बंदोबस्त, तो वर सांगितला. तिसरा उपाय लोकांना पटायला वेळ लागतो: कोथिंबीर, बडीशेप, मोहरी यांचे एक-दोन वाफे किंवा कुंड्या फुलावर जाऊ द्या, उपटू नका. तरंगणाऱ्या माशीला, परोपजीवी माशीला आणि क्रायसोपाला मोठेपणी मध आणि पराग लागतो आणि या बारक्या, उथळ फुलांतून त्यांना तो सहज मिळतो. कपाशीच्या कडेने चवळी, मका, झेंडू लावायला कृषी विद्यापीठं सांगतात ते याच कारणाने. चवळीवर आधी मावा येतो, त्यावर ढालकिडे पोसले जातात आणि कपाशीवर कीड येईपर्यंत ते शेजारीच तयार असतात. मित्रकीटक विकतही मिळतात. ट्रायकोग्रामा ही अर्धा मिलिमीटरची माशी पतंगांच्या अंड्यांतच आपलं अंडं घालते. एका ट्रायकोकार्डावर अशी परोपजीवी लागलेली सुमारे २०,००० अंडी चिकटवलेली असतात. कार्ड शेतासाठी फार उपयोगी, चार कुंड्यांच्या गॅलरीत मात्र त्याची गरज नाही.

एवढं करूनही नुकसान थांबत नसेल तर पाच टक्के निंबोळी अर्क. ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्याने पिळून गाळावी, पाणी एक लिटर करावं आणि चिमूटभर साबण चुरा ढवळावा. निंबोळीतला अॅझाडिरॅक्टिन हा घटक किडीची भूक मारतो आणि तिची कात टाकण्याची क्रिया बिघडवतो. त्यामुळे पान खाणाऱ्या आणि रस शोषणाऱ्यांवर तो जास्त चालतो, त्यांना खाणाऱ्यांवर कमी. त्यांना तो अगदीच निर्धोक नाही, म्हणून माव्याच्या शेंड्यांपुरतीच फवारणी करावी, सगळं झाड न्हाऊ घालू नये. वेळ संध्याकाळची, कारण उन्हात अर्काचा गुण लवकर जातो आणि तोवर मधमाश्या परतलेल्या असतात.

थांबून वाट पाहा हा सल्ला एका प्राण्याला मात्र लागू नाही. मोठ्या कवचाची आफ्रिकन गोगलगाय १८४७ साली कोलकात्यात एका हौशी अभ्यासकाने सोडली आणि तिथून ती देशभर पसरली. तिला इथे पुरेसे शत्रू नाहीत. २०२२ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात कोवळं सोयाबीन तिने फस्त केलं. बागेत ती दिसली तर त्याच संध्याकाळी कामाला लागावं. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट झाडाच्या बुंध्याशी अंथरून ठेवलं की रात्री त्याखाली गोगलगायी जमतात. सकाळी त्या वेचून साबणाच्या किंवा मिठाच्या दाट पाण्यात टाकाव्यात. हातमोजे घालूनच वेचाव्यात, कारण तिच्या अंगात माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचणारे जंत असू शकतात. मुळाशी भुसभुशीत मातीत साबुदाण्यासारखी, पिवळसर पांढरी अंडी घोळक्याने सापडली तर तीही काढावीत. एका खेपेला तिची अंडी शंभराच्या वर असू शकतात.